पापणी नव्याने घडवताना

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. खालच्या पापणीवरची गाठ बेसल सेल कर्करोगाची निघाली. ती काढल्यावर अर्ध्याहून अधिक पापणी जाईल, मग डोळा काही आठवडे बंद ठेवावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. हे कशासाठी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पापणीला दोन थर असतात. बाहेर त्वचा आणि स्नायू. आत टार्सस नावाची घट्ट पट्टी आणि ओलसर अस्तर. दोन्ही थर नव्याने द्यावे लागतात आणि त्यांपैकी निदान एकाला स्वतःचा रक्तपुरवठा हवा, नाहीतर कलम जगत नाही.

पाव भागापर्यंतची पापणी गेली तर कडा थेट शिवता येतात. वृद्धांची त्वचा सैल असल्याने थोडं जास्तही चालतं. अर्ध्यापर्यंत गेली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळची त्वचा अर्धगोल कापून आत सरकवतात. त्याहून मोठ्या जागेसाठी 'ह्यूज फ्लॅप' : वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून शिवतात, त्यावर बहुधा कानामागची त्वचा लावतात. हा पूल रक्त पुरवतो, म्हणून डोळा साधारण ३ ते ६ आठवडे झाकलेला राहतो. नंतर छोट्या शस्त्रक्रियेने पूल कापतात.

दोन गोष्टी जरूर विचारा : पुनर्रचनेआधी कडा कर्करोगमुक्त असल्याची तपासणी होणार का? आणि वडिलांना दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत नसेल तर पर्याय कोणता? नव्या पापणीला केस नसतील. पण डोळा नीट मिटणं महत्त्वाचं.