जोडा : एक शब्द, अनेक अर्थ

भाषेचा अभ्यास करावयाचा म्हणजे भारदस्त शब्दच निवडावे लागतात असे नाही. घराच्या उंबरठ्याबाहेर आपण रोज जे काढून ठेवतो, त्याच्या नावांकडे आज थोडे लक्ष देऊ.

‘जोडा’ हा शब्द ‘जोडणे’ या क्रियापदाच्या कुळातला. म्हणूनच ‘एक जोडा’ म्हटले तरी वस्तू दोन असतात. नवदांपत्याला ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणतात तेही याच अर्थाने. ‘वहाण’ संस्कृत ‘उपानह्’पासून आली, आमच्या कोकणी मायबोलीत तीच ‘व्हाण’ होते. निपाणी-कापशीकडील ‘पायताणा’त ‘पादत्राण’, म्हणजे पायांचे रक्षण करणारे, हा शब्द दडलेला आहे. कन्नड ‘पादरक्षे’चा अर्थही नेमका हाच. ‘पैजार’ फारसीतून आला आणि ‘बूट’ इंग्रजीतून. एका वस्तूपाशी इतक्या भाषा सुखाने नांदतात!

आता वापर पाहा. कामासाठी खेपा घालणारा ‘जोडे झिजवतो’. लाचारी पत्करणारा ‘जोडे उचलतो’. नवी चप्पल पायाला ‘चावते’. जुना फाटका जोडा म्हणजे ‘खेटर’, आणि ‘खेटरांनी पूजा’ म्हणजे मार! परंतु ‘पादुका’ म्हणताच आपले हात जुळतात. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालविले. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका पालखीतून पंढरीस जातात, आणि त्या सोहळ्याचे मानाचे अश्व आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून येतात. वस्तू पायांचीच, परंतु एका शब्दाने ती मस्तकी चढते, दुसऱ्याने शिवी होते.

या शिवीचा घाव कोणाला लागतो? ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना त्यांची पायरी दाखविण्यासाठी वापरली गेली. पूर्वी पुष्कळ गावांत जोडे शिवणाऱ्यालाच वरच्या आळीतून जाताना जोडे पायांत ठेवता येत नसत. ते हातात घ्यावे लागत. ज्याने गावाचे पाय राखले, त्याचेच पाय उन्हात पोळले.

त्याच्या कामाची योग्यता किती मोठी! बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिलाई, नाजूक वेणी; अशी कोल्हापुरी चप्पल केवळ कोल्हापुरात होत नाही. अथणी आणि निपाणी येथील कारागीरही ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नकाशावरची सीमा त्या वादीला तोडता आली नाही.

उपकार थोर असले म्हणजे आपण म्हणतो, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी हे ऋण फिटणार नाही.’ कन्नड मुलखात ही केवळ बोलण्याची रीत नाही, तिची कथा आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत हरळय्या नावाचे चर्मकार शरण होते. आख्यायिका अशी की, बसवेश्वरांनी आपल्याला वाकून नमस्कार केला हे ऋण त्यांना फार वाटले. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपल्या मांड्यांचे कातडे काढून जोडे केले व बसवेश्वरांना अर्पण केले. ते पायांत घालण्यास बसवेश्वरांनी स्वतःला अपात्र मानले.

विद्यार्थी मित्रहो, शब्द निर्मळ किंवा मलिन जन्मत नाहीत. बोलणाऱ्याचे मन त्यांना तसे करते. ‘पायातली वहाण’ ही म्हण कोशात राहू द्या, कारण कोशाने सारे जपावे. आपल्या तोंडी मात्र ती नसावी. आणि चप्पल दुरुस्त करून घेताना ती कारागिरापुढे पायाने सरकवू नका. वाकून हाताने द्या. बसवेश्वर त्याच्यापुढे वाकले होते. आपल्याला वाकण्यात कमीपणा कसला?