फणस फोडण्याआधी

बाळा, फणस फोडायला बसशील तेव्हा आधी विळी आणि दोन्ही तळहात खोबरेल तेलाने माखून घे. एवढं कोकणात कुणीही सांगेल. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून त्यामागचं कारणही तुझ्या कानावर घालते. कारण माहीत असलं की एक युक्ती दहा ठिकाणी उपयोगी पडते.

फणसाच्या चिकात राळेसारखे, रबरासारखे मोठे रेणू असतात. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. क्षणभर ते एका बाजूला जमले की शेजारच्या रेणूतलेही सरकतात आणि दोघांत जराशी ओढ निर्माण होते. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याचं गणित मांडलं. एकेक ओढ दुबळी, पण रेणू मोठा असला की त्या सगळ्यांची बेरीज होते आणि चीक बोटांना सोडत नाही. तेलाचे रेणूही त्याच जातीचे, त्यामुळे ते चिकात सहज शिरतात आणि त्याची पकड सैल करतात.

पाण्याला हे जमत नाही, कारण पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. ही पकड किती घट्ट ते बघ: हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांच्या आसपासच उकळतो आणि पाण्याला १०० अंश लागतात. माझ्या मते सगळ्या धड्यात लक्षात ठेवावी अशी हीच जोडी. आपसांतली एवढी ओढ मोडून पाणी चिकाला जवळ करत नाही. तेव्हा हात चिकटले तर नळाकडे धावू नकोस. तेल चोळ, जुन्या फडक्याने पूस, मगच साबण लाव. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला.

मिरचीचं तिखटही पाण्यापेक्षा तेलातच मिसळतं, म्हणून हिरव्या मिरच्या चिरून हात भगभगले तरी क्रम हाच. तिखटाने जीभ पोळली तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घे.

ओढीच्या नादात मुलं प्रतिकर्षण विसरतात, याची मला फार हळहळ वाटते. व्हान डर वाल्स यांनी १८७३ मध्ये लायडनच्या प्रबंधात दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या होत्या: रेणू एकमेकांना ओढतात, आणि प्रत्येकाला स्वतःची जागाही लागते. फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. द्रवात तर ते आधीच खेटून असतात. म्हणून काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीवर बूच ठोकून बसवू नकोस. आतलं पाणी दबत नाही, काच फुटते. फ्रीजरमध्ये ठेवायची बाटली तर आणखी रिकामी ठेव. गोठताना हायड्रोजन बंध रेणूंना ऐसपैस रचनेत बसवतात आणि बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. त्यासाठी चार बोटं जागा सोडावी, आणि शक्यतो काचेची बाटली तिथे ठेवूच नये.