गाडी सुरू करण्यापूर्वीची दोन मिनिटे

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७० साली कार्यान्वित झाला. पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच तेथे उभे राहिले. असा संच सुरू करताना वाफ एकदम सोडीत नाहीत. आधी बेअरिंगांना तेल पोचवितात, टर्बाइनचा दंड अगदी सावकाश फिरवीत ठेवतात आणि मगच वाफेला वाट देतात. कार्यालयाची जीप असो वा शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, त्यांच्या इंजिनालाही हाच नियम लागू आहे : तेल आधी, वेग नंतर.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील बहुतेक तेल तळच्या टाकीत उतरलेले असते. म्हणून सकाळी, गाडी सपाट जागी असताना, तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असले पाहिजे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. तापलेल्या रेडिएटरमधून उसळणारे पाणी तोंड व हात भाजून काढते. बॅटरीच्या जोडण्या घट्ट आहेत ना, हे पाहावे. तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने काडी पेटवून पाहण्याचा मोह टाळावा. गाडीखाली एखादे मूल वा कुत्रे नाही ना, हेही वाकून पाहावे. यात कमीपणा कसला?

यानंतर हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच दाबावा आणि किल्ली फिरवावी. निफाड-नाशिक भागातील कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिनाच्या तापकाचा दिवा विझेपर्यंत थांबणे श्रेयस्कर. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. इंजिन न घेतल्यास अर्धा मिनिट विश्रांती देऊन पुन्हा प्रयत्न करावा.

पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करीत. हँडल उलटले की मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि तो धोका सरला. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण नवा धोका ओढवून घेतला आहे. बॅटरी वा स्विच बिघडला की जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांना पान्हा लावायचा, ही ती पद्धत. अशा वेळी विद्युत्प्रवाह सुरक्षा-स्विचला वगळून जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो तत्क्षणी पुढे झेपावतो आणि मोठे चाक समोर उभ्या माणसावर चढते. स्विच दुरुस्त करण्याचा खर्च त्यापुढे क्षुल्लक होय. ट्रॅक्टर चालकाच्या आसनावर बसूनच सुरू करावा, याविषयी ग्रामपंचायत सदस्यांनी आग्रह धरावा.

इंजिन सुरू होताच तेलदाबाचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन त्वरित बंद करावे. थंड इंजिनाचा वेग वाढवून गर्जना करविणे हा पुष्कळ चालकांचा आवडता, पण इंजिनास घातक छंद आहे. आधुनिक इंजिन जागीच दीर्घकाळ तापविण्याचीही गरज नसते. अर्ध्या मिनिटाने निघावे व पहिले काही किलोमीटर संथ चालवावे.

बंद शेडमध्ये तर इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप आल्यासारखे वाटते आणि माणसाला उठून दार उघडण्याचे भान उरत नाही. दार आधी उघडावे, किल्ली नंतर फिरवावी.