प्राणी-कादंबऱ्यांचे वाचन आणि मुलांचे ऑनलाइन अभ्यासगट

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेचे पाठ मोबाईलवरून घरोघर पोचू लागले. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले. परंतु त्या काळात शिक्षकांना व पालकांना लागलेली ऑनलाइन गटाची सवय अजून टिकून आहे. पाचवी ते आठवीच्या दहा-बारा मुलांचा असा गट आठवड्यातून एकदा जमवून त्यांच्याबरोबर एखादी संपूर्ण कादंबरी वाचता येईल काय, या प्रश्नाचा विचार येथे दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात केला आहे. ती कादंबरी प्राण्यांविषयीची असावी, असे सुचविण्यास कारण आहे. मोठ्यांच्या संसारातील गुंतागुंत या वयात परकी वाटते. भूक, भय, कळपातील स्थान आणि आईपासून तुटणे या गोष्टी मात्र मुलांना पुरेपूर कळतात.

मुंबईत प्राणी कुठले, असे कोणी म्हणेल. पण पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे बालपण गिरगावातील खेतवाडीत गेले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, पिवळ्या गळ्याची एक वेगळीच चिमणी ओळखून घेण्यासाठी ते लहान वयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेले आणि तेथून त्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. ही संस्था १८८३ ची. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयही त्याच वर्षीचे. ‘जंगल बुक’चे लेखक रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेच्या आवारात झाला; त्यांचे वडील तेथे अध्यापक होते. महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट याच वडिलांच्या रेखाटनांवरून घडले. गटातील मुलांना बसच्या एका तिकिटात या सर्व जागा पाहता येतात.

पुस्तकांची निवड

पहिले पुस्तक म्हणून ‘पाडस’ योग्य ठरेल. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या अमेरिकन कादंबरीचा हा राम पटवर्धन यांनी केलेला अनुवाद. पटवर्धन हे ‘सत्यकथे’चे संपादक, आणि ‘सत्यकथा’ निघत असे ती गिरगावच्या खटाववाडीतून, मौजेच्या कार्यालयातून. फ्लोरिडाच्या अरण्यात राहणाऱ्या मुलाची गोष्ट मराठीत आली ती अशी गिरगावातल्या माणसाच्या हातून, हे तिथल्या मुलांना सांगितले की पुस्तक एकदम जवळचे होते.

कथा थोडक्यात अशी. ज्योडीच्या वडिलांना साप चावतो. विष उतरविण्यासाठी ते एक हरिणी मारतात आणि तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. पाडस वाढते, कुंपण ओलांडू लागते आणि मक्याची कोवळी रोपे खाऊन टाकते. पुन्हा पेरलेली रोपेही ते खाते. वडील दुखापतीने अंथरुणावर असतात. पाडसाला मारण्याचा निर्णय ते घेतात. ज्योडीकडून ते होत नाही. आईच्या हातून नेम चुकतो आणि जखमी पाडसाला अखेर ज्योडीलाच गोळी घालावी लागते.

या प्रकरणाशी येऊन शिक्षक अडखळतात. शेवट गाळावा, सौम्य करून सांगावा, असे पालकही सुचवितात. तसे करू नये. शेवट गाळला, तर उरते ती केवळ पाळीव प्राण्याची लाडिक गोष्ट. खरे वाचन त्या गोळीच्या नंतर सुरू होते. ज्योडी घर सोडून पळतो आणि आयुष्यात प्रथमच खरोखर उपाशी राहतो. वर्षाचे धान्य जाणे म्हणजे काय, आईच्या कठोर बोलण्यामागे कोणती भीती होती, हे त्याला तेव्हा पोटातून कळते. मुलांना विचारावयाचा प्रश्न ‘ज्योडीचे वडील दुष्ट होते काय?’ असा नसावा. ‘मक्याचे पीक गेले असते तर या घराने हिवाळ्यात काय खाल्ले असते?’ असा असावा. लालबाग-परळच्या मुलांना तर याचे उत्तर घरातच मिळू शकते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. त्या महिन्यांत घरात काय शिजत होते, काय विकले गेले, हे आजी-आजोबांना विचारून चार ओळी लिहून आणण्यास सांगावे. आजोबांची सांगण्याची इच्छा नसेल, तर मात्र मुलाने आग्रह धरू नये.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी घ्यावी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वानरांच्या टोळीवरील हक्कासाठी होणारा संघर्ष हा तिचा विषय. किपलिंगचे प्राणी माणसांसारखे बोलतात, कायदा सांगतात. माडगूळकरांचे वानर वानरच राहतात. दोन्ही पुस्तकांतील एकेक पान शेजारी ठेवून वाचले, तर हा फरक मुले स्वतःच सांगतात.

टोळीचा ताबा घेणाऱ्या नराकडून पिलांची हत्या, हा यातील नाजूक भाग. तो लेखकाच्या कल्पनेचा खेळ नव्हे. धारवाड परिसरात १९६० नंतरच्या काही वर्षांत जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी वानरांतील अशा घटनांची नोंद केली. अबूच्या वानरांवरील सारा हर्डी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये आला. पिले गेल्यावर माद्या लवकर पुन्हा गर्भ धारण करू शकतात, म्हणून नव्या नराची संतती वाढते, असे हर्डी यांचे प्रतिपादन. गर्दीमुळे घडणारी ही विकृती आहे, असे म्हणणारे अभ्यासकही होते. शास्त्रात मतभेद कसे होतात, हे दाखविण्यास याहून चांगला नमुना क्वचित मिळेल. लेखक कोणाला शिव्या देत नाही आणि कोणाची कड घेत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे; पण माणसांच्या राजकारणाशी तुलना करण्याची घाई शिक्षकाने करू नये. मुले ती आपण होऊन करतात.

दादरच्या गटासाठी आणखी एक नाव सुचवावेसे वाटते. धनगोपाल मुखर्जी यांची चित्रग्रीव नावाच्या कबुतराची मूळ इंग्रजी कादंबरी १९२७ ची. तिला १९२८ चे न्यूबेरी पदक मिळाले. कलकत्त्यात वाढलेले हे कबुतर पहिल्या महायुद्धात निरोप्या होते आणि भेदरून परतते. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, श्वसनविकार आणि भूतदया यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो मुलांनी पाहिलेला आहे. शिक्षकाने येथे निवाडा देऊ नये. दोन्ही बाजूंचे म्हणणे मुलांकडून नीट मांडून घ्यावे.

गटाची व्यवस्था

चाळीतील एका खोलीत बहुधा एकच मोबाईल मोकळा असतो आणि तोही घरातील मोठे माणूस कामावरून परतल्यावर. म्हणून वेळ पालकांना विचारून ठरवावी. बैठक चाळीस मिनिटांहून लांबवू नये. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नसावी. आपले घर सर्वांना दिसावे, असे प्रत्येक मुलाला वाटत नाही. ज्याला बैठकीस येता आले नाही, त्याच्यासाठी शिक्षकाने प्रकरणाचा आवाजी सारांश गटावर ठेवावा. पुस्तकाची पाने छायाचित्रे काढून फिरविण्यापेक्षा दोन-तीन प्रती ग्रंथालयातून आणून मुलांत आळीपाळीने द्याव्यात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था दादरला हाताशी आहे.

पाडसाच्या मृत्यूचे प्रकरण मुलांवर एकट्याने वाचण्यास सोपवू नये. वर्गात मूल रडले तर दिसते. बंद कॅमेऱ्यामागे दिसत नाही. पालकांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी, प्रकरण शिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचावे, नंतर प्रश्न न विचारता काही वेळ गट तसाच खुला ठेवावा. जे मूल त्या दिवशी काहीच बोलले नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करावा. या बाबतीत जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाची बाजू अधिक भक्कम आहे. तो सकाळी त्या मुलाला प्रत्यक्ष भेटतो, आणि गावातील मुलाने गोठ्यातील मरण आधी पाहिलेलेही असते.

कादंबरी संपली की प्रत्येक मुलाने आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या एका प्राण्याची आठवडाभर नोंद ठेवावी. केवळ जे दिसले ते लिहावे. ‘त्याला वाईट वाटले’ असे लिहिल्यास ते कशावरून, हे विचारावे. गट उन्हाळ्यात चालत असेल, तर कावळ्याचे घरटे सर्वांत सोयीचे. एप्रिलपासून ते चाळीसमोरच्या झाडावर असते, त्यात काटक्यांबरोबर तारेचे तुकडेही असतात, आणि कोकिळा जवळपास फिरत असेल तर वहीत तिची वेळ वेगळ्या रकान्यात लिहावी.