बंदुकीसमोर निःशस्त्र गांव

शास्त्रपाठ : मत्तय ५:९, ३७, रोम १२:१७-२१

भुकेल्या वैऱ्याला अन्न देण्याविषयीं पौलानें रोम येथील मंडळीस उपदेश केला आहे. मग बंदूकधारी मनुष्य दाराशीं येऊन भाकर मागूं लागला, तर शांति करणाऱ्यानें काय करावें? दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या एका खेड्यानें या प्रश्नाचें उत्तर जिवावर उदार होऊन दिलें आहे.

उराबा नामक प्रदेशांत सान होसे दे आपार्तादो हें डोंगराळ गांव आहे. तेथील लोक कोको पिकविणारे शेतकरी. सरकारी सैन्य, बंडखोर व बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या खासगी सशस्त्र टोळ्या यांचें युद्ध त्यांच्या शेतांतूनच चाले. एका पक्षाला जेवूं घातलें कीं, दुसरा पक्ष त्या घरालाच वैरी समजे. म्हणून २३ मार्च १९९७ रोजीं गांवकऱ्यांनीं 'शांतिसमाज' स्थापिला. शस्त्र बाळगूं नये. कोणत्याहि पक्षाला मदत किंवा बातमी देऊं नये. गांवाचें काम सर्वांनीं मिळून करावें, असे नियम त्यांनीं केले.

हा नकार निर्दयपणाचा नव्हे. पौल सांगतो तें अन्न भुकेल्या माणसासाठीं आहे. बंदुकीच्या धाकानें नेलेला शिधा युद्धाच्या पोटांत जातो, आणि त्याची किंमत शेजाऱ्याच्या लेंकराला द्यावी लागते. शिवाय नियम सर्व गांवाचा असला, म्हणजे एकट्या विधवेलाहि दारांत उभें राहून तोच सांगतां येतो. शिपाई असो वा बंडखोर असो, उत्तर एकच. प्रभूनें शिकविलेलें साधें होय व साधें नाहीं तें हेंच.

तथापि तटस्थता हें कवच नव्हे. २१ फेब्रुवारी २००५ रोजीं या समाजाचे पुढारी लुईस एदुआर्दो गेर्रा यांच्यासह आठ जणांची हत्या झाली; त्यांत तीन मुलें होतीं. या कृत्याबद्दल लष्करांतील एक कप्तानहि पुढें दोषी ठरला. त्यानंतर सरकारनें गांवांत पोलीस ठाणें बसविलें. शस्त्रधाऱ्यांबरोबर राहावयाचें नाहीं, हा आपला नियम राखण्यासाठीं लोकांनीं स्वतःचीं घरें सोडलीं व जवळच नवी वस्ती उभारली. सूड मात्र घेतला नाहीं. २०१३ सालीं अध्यक्ष सान्तोस यांनीं या समाजावर पूर्वीं केलेल्या सरकारी आरोपांबद्दल क्षमा मागितली. तरीहि संकट टळलें नाहीं; मार्च २०२४ मध्यें आणखी दोघांचा वध झाला.

बंधुभगिनींनो, ज्या गांवांत दोन तट पडतात, तेथें तटस्थ राहणें म्हणजे घरांत दडून बसणें नव्हे. एकाची चहाडी दुसऱ्याजवळ न करणें, कोणाच्याहि हातीं काठी न देणें, आणि हा निश्चय एकट्यानें न करितां सर्व मंडळीनें मिळून करणें, ही खरी तटस्थता होय. असा निश्चय भांडण पेटण्यापूर्वींच झाला पाहिजे. पेटल्यावर विचाराला अवकाश राहत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न :
१. भुकेल्याला अन्न देणें व भांडणाला शिधा पुरविणें, यांतील भेद कसा ओळखावा?
२. बातमी न देणें हें शस्त्र न उचलण्याइतकेंच महत्त्वाचें कां?
३. आपल्या मंडळीनें आजच कोणता नियम एकमतानें करावा?