साल सोललेले झाड

आमच्या शाळेच्या आवारातील एका कोवळ्या कडुनिंबाची साल कोणीतरी खेळता खेळता बुंध्याभोवती कड्यासारखी सोलून काढली. पाने हिरवीगार राहिली. म्हणून आम्हीही निश्चिंत राहिलो. पुढील उन्हाळ्यात ते झाड वाळले. असे का व्हावे?

मुळांच्या टोकांजवळील केसांसारखे सूक्ष्म तंतू जमिनीतील पाणी व त्यात विरघळलेले क्षार शोषून घेतात. हे पाणी सालीतून नव्हे, तर आतील लाकडाच्या बारीक नळ्यांतून वर चढते. पानांच्या रंध्रांतून वाफ निघून जाते, तसतसा पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. ही उपपत्ती डिक्सन व जोली यांनी १८९४ साली मांडली. साल गेली तरी हा मार्ग शाबूत होता.

परंतु पानांत तयार झालेली साखर मुळांकडे उतरते ती सालीच्या आतील थरातून. इटलीतील माल्पिघी यांनी सतराव्या शतकात असेच कडे कापून पाहिले, तेव्हा कापाच्या वरचा भाग फुगला. अन्न तेथेच अडकले होते. खाली मुळे मात्र उपाशी राहतात. साठा संपला की ती मरतात, आणि मग पानांस पाणी कोण पुरविणार?

सालीचा एखादा उभा पट्टा जरी शिल्लक असता, तरी ते झाड कदाचित वाचते. म्हणून पालकांसही विनंती की, कोवळ्या रोपास तार आवळू नये, गुरे बांधू नयेत. पाने हिरवी आहेत एवढ्यावरून झाड सुखरूप आहे असे समजू नये.