हुकूम आणि लेखणी

झाशीच्या बडा बाजार भागातील राणीमहालात लक्ष्मीबाईंचे वास्तव्य होते. जून १८५७ ते एप्रिल १८५८, असे जेमतेम दहा महिने राज्यकारभार पुन्हा त्यांच्या हाती आला. त्या काळी झाशीत राहिलेल्या विष्णुभट गोडसे यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये त्यांच्या दुपारच्या दरबाराचे वर्णन केले आहे. बाई प्रकरण ऐकून घेत, त्यातील मर्म ध्यानी येताच हुकूम सांगत आणि प्रसंगी तो स्वहस्ते लिहीत. दिवाण समीप असताना धन्याने लेखणी धरणे हा वरकरणी वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु त्यामुळे अर्जदाराचा हेलपाटा टळत असावा, आणि हुकुमाचा अर्थ फिरविण्यास कोणाला वाव राहत नसावा. इंग्रजांची फौज केव्हाही चालून येईल अशा राज्यात प्रकरण उद्यावर टाकणे परवडणारे नव्हते.